बैल पारखावा, तशी मोटारसायकल पारखावी

बाजारात बैल घ्यायला गेलेला जाणता शेतकरी रंगावर भाळत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, जमल्यास गाडीला जुंपून पाहतो आणि मगच रुमालाखाली हात घालतो. तोच शेतकरी मुलासाठी अडीच-तीन लाखांची मोटारसायकल घेताना मात्र शोरूमच्या काचेतून दिसलेल्या रंगावर सौदा करून येतो. आमच्याही घरी तसेच व्हायचे होते. थोडक्यात टळले.

माझा पुतण्या शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. आमचे गाव फलटण तालुक्यात. दर शनिवारी संध्याकाळी तो लोणंदमार्गे घरी येतो आणि सोमवारी पहाटे परत जातो. २०२५ च्या दसऱ्यानंतर त्याने वडिलांपुढे विषय काढला. "आबा, स्पोर्ट बाईक घ्यायची आहे. दोन पाहून ठेवल्या आहेत. तुम्ही आणि काका एकदा बघून घ्या."

एक होती टीव्हीएसची अपाची आरआर ३१० आणि दुसरी केटीएमची आरसी ३९०. परदेशात सहाशे-सातशे सी.सी.च्या गाडीला मध्यम वजनाची म्हणतात. आपल्याकडे तरुण मंडळी तीनशे-चारशे सी.सी.लाच मधली गाडी मानतात, आणि खिशाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

दोन्ही गाड्या तशा परक्या नाहीत. अपाची आरआर ३१० डिसेंबर २०१७ मध्ये आली. टीव्हीएस आणि जर्मनीची बीएमडब्ल्यू यांच्यात २०१३ मध्ये झालेल्या करारातून तिचे इंजिन जन्मले, आणि गाडी तमिळनाडूतील होसूरला बनते. केटीएम मूळची ऑस्ट्रियाची. बजाजने २००७ मध्ये तिच्यात भागीदारी घेतली, आणि आरसी ३९० ही आपल्या चाकणच्या कारखान्यातून २०१४ पासून रस्त्यावर आली.

घोडे किती आणि कोणत्या चालीला?

पुतण्याने कागद पुढे केला. अपाचीचे इंजिन ३१२ सी.सी.चे. २०२४ च्या सुधारित नमुन्यात त्याची शक्ती सुमारे ३८ अश्वशक्ती. आरसीचे इंजिन ३७३ सी.सी.चे आणि २०२२ च्या नमुन्यात शक्ती सुमारे ४३ अश्वशक्ती. वजन मात्र जवळपास सारखे, अपाची १७४ किलो आणि आरसी १७२ किलो.

आबा म्हणाले, "अरे, आपला ट्रॅक्टरही अडतीस-चाळीस घोड्यांचाच आहे की!"

बोलणे हसण्यावारी गेले, पण मुद्दा नेमका तोच होता. ट्रॅक्टर ही शक्ती मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर देतो आणि दोन टनांचे धूड घेऊन नांगर ओढतो. अपाची तीच शक्ती ९,८०० फेऱ्यांवर देते, आरसी ९,००० फेऱ्यांवर, आणि अंगावर वजन पावणेदोनशे किलोसुद्धा नाही. म्हणजे शक्ती तेवढीच असली तरी एक बैलाच्या चालीची आणि दुसरी शर्यतीच्या घोड्याची. गल्लीत, गुरांच्या मागे, खालच्या फेऱ्यांवर अशी गाडी कुरकुरते आणि झटके देते. पुढे मोकळा रस्ता मिळाला की ती खुलते. या जातीच्या गाडीकडून शेतावरच्या खेपांची अपेक्षा ठेवणेच चुकीचे.

दोघींत फरक आहे तो ओढीचा, ज्याला टॉर्क म्हणतात. आरसीची ओढ ३७ न्यूटन मीटर, अपाचीची २९. उसाच्या दोन ट्रॉल्या मागे टाकून पुढे जाताना आरसीला गिअर खाली घ्यावा लागत नाही, अपाचीला बहुधा घ्यावा लागतो. महामार्गावर रोज लांबचा पल्ला असेल तर हा फरक मोठा. आठवड्यातून एकदा जाऊन-येऊन असेल तर तेवढा नाही.

रस्ता आपला कसा आहे?

कंपनीच्या पत्रकात गुळगुळीत रस्ता असतो. आपल्या गावात वेशीजवळ तीन गतिरोधक आहेत, पंचायतीने हौसेने उंच करून घेतलेले. अपाचीचे पोट जमिनीपासून १८० मि.मी. वर आहे, आरसीचे १६० मि.मी.च्याही आत. वीस-पंचवीस मि.मी. म्हणजे बोटभर अंतर, पण गतिरोधकावर पोट घासते की सुटते ते या बोटभर अंतरावरच ठरते.

पेट्रोलच्या बाबतीत आरसी सरस. २०२२ पासून तिच्या टाकीत १३.७ लिटर मावते, अपाचीत ११ लिटर. लिटरला पंचवीस किलोमीटरचा हिशेब धरला तर एक साधारण ३४० किलोमीटर जाईल आणि दुसरी २७५.

टायर दोन्हींना सारख्याच मापाचे, मागचा चांगला रुंद. कोरड्या डांबरावर पकड उत्तम. पण पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर रस्त्यावर काळ्या मातीचा राडा सोडून जातो, त्यावर रुंद टायर लोण्यावरून गेल्यासारखा घसरतो. दोन्ही गाड्यांना दोन्ही चाकांवर एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक एकदम जखडत नाही. अपाचीत पावसासाठी वेगळा मोड आहे, तो लावला की इंजिन आपला जोर राखून सोडते. आरसीत वळणावरही काम करणारे एबीएस आहे. तिच्यात 'सुपरमोटो' नावाचा एक मोडही आहे. त्यात मागच्या चाकाचे एबीएस बंद होते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

वहिनींचा प्रश्न वेगळाच होता. "मागं मी बसू शकेन का?" त्याचे खरे उत्तर दोन्ही गाड्यांसाठी एकच: नाही. मागची बैठक लहान आणि उंच, साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसण्याजोगी नाहीच. दुधाची किटली, पेंडीचे पोते, फवारणीचा पंप यांचे तर नावच नको. ही गाडी एका माणसाची आहे. म्हणून घरची जुनी शंभर सी.सी.ची गाडी विकून ती घेण्याचा विचार कोणी करत असेल तर त्याने तो आधी सोडून द्यावा. आमच्या घरीही हा विचार निघाला होता. जुनी गाडी गेली असती तर सकाळी डेअरीला दूध कोण नेणार, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

साडेतीनशेचा बांध

दोन शेतांमध्ये बांध असतो, तसा या दोन गाड्यांमध्ये सरकारने ३५० सी.सी.चा बांध घातला आहे. अपाची बांधाच्या अलीकडे, आरसी पलीकडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलीवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. आधी हेच दर उपकर धरून २८ आणि ३१ होते. समजा दोन गाड्यांची कराआधीची किंमत प्रत्येकी दोन लाख आहे. पूर्वी त्यांच्यात सहा हजारांचा फरक पडला असता, नव्या दरांनी ४४ हजारांचा पडतो. कंपनी कधी काही भार स्वतः सोसते, कधी सणाची सूट देते. म्हणून तोंडी भावावर जाऊ नये, रस्त्यावर येईपर्यंतचा एकूण आकडा लेखी घ्यावा.

विम्यालाही हाच बांध आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा १५० ते ३५० सी.सी.ला ७,३६५ रुपये आणि त्यावर १५,११७ रुपये ठरला. त्यावरचा कर वेगळा. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा आणखी निराळा, आणि तो या जातीच्या गाडीला टाळू नये. हिला सगळीकडून प्लॅस्टिकचे कवच असते. अंगणात उभ्या जागी कलंडली तरी बाजूचा पत्रा तडकतो, आणि तो गावच्या मिस्त्रीकडे मिळत नाही.

हप्ता आणि उसाचे बिल

कर्जाचा हिशेब घरातल्या सर्वांनी मिळून करावा. अडीच लाखांचे कर्ज, १२ टक्के व्याज, तीन वर्षे मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,३०० रुपये होतो. एकूण फेड जवळजवळ तीन लाख, म्हणजे ४९ हजार नुसते व्याज. हप्ता दर महिन्याला येतो, उसाचे बिल तसे येत नाही. पगाराचा माणूस हे ओझे पेलू शकतो. ज्याचे उत्पन्न पिकावर आहे त्याने असा हप्ता गळ्यात बांधून घेऊ नये, आणि बियाण्या-खताच्या नावाने घेतलेले कर्ज तर या कामी मुळीच लावू नये.

किमतीबरोबर आणखी एक खर्च आधीच बाजूला काढावा: आयएसआय खुणेचे चांगले हेल्मेट, हातमोजे, जाड जाकीट आणि घोट्यावर येणारे बूट. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. हे वाचल्यावर वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "रंग कुठलाही घ्या, टोपी आधी घ्या."

शोरूममध्ये काय करावे?

आम्ही दोन्हीकडे गेलो आणि बैलाची पारख करावी तसेच केले. तुम्हीही हे करून पाहावे.

पहिले, रोजचे बूट घालून गाडीवर बसावे. दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? अपाचीची बैठक ८१० मि.मी. उंच, आरसीची ८२४. पुतण्याची उंची बेताची, त्याला हा फरक लगेच जाणवला.

दुसरे, इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत मागे-पुढे करावी आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. या गाड्या अरुंद जागेत लवकर वळत नाहीत. आपल्या वाड्याचे दार आठवून पाहावे.

तिसरे, निदान पंधरा-वीस मिनिटे चालवावी, आणि त्यात थोडा खराब रस्ता घ्यावा. खाली उतरल्यावर मनगटे, मान आणि कंबर काय म्हणतात ते ऐकावे. मांडीला इंजिनची धग लागते का तेही पाहावे.

चौथे, सर्व्हिसचे ठिकाण किती लांब आहे, ब्रेकचे पॅड आणि साखळीचा संच तिथे मिळतो का, हे विचारावे. धुळीच्या रस्त्यावर साखळी वारंवार पुसून तेल द्यावे लागते, ते काम घरीच शिकून घ्यावे.

पाचवे, जुनी गाडी घ्यायची असेल तर ती कधी पडली होती का हे हँडलची टोके आणि पायटे पाहून ओळखावे. एप्रिल २०२३ पूर्वीची असेल तर वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ती चालते का, हेही विचारावे. ते इथेनॉल आपल्याच उसाचे, पण जुन्या इंजिनाला मानवलेच पाहिजे असे नाही. नमुने दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि काही बंदही होतात, म्हणून कागदावर साल आणि सी.सी. दोन्ही वाचावे.

आमच्या घरी काय ठरले?

आरसी चालवून आला तेव्हा पुतण्याचा चेहरा फुललेला होता. खरे सांगायचे तर गाडी म्हणून ती अधिक जोरकस, यात शंका नाही. पण घरी आल्यावर त्याने स्वतःच वही काढली. आठवड्याची एक फेरी, वेशीचे गतिरोधक, साडेतीनशेचा बांध आणि पगारातून जाणारा हप्ता. तो म्हणाला, "काका, आवडली आरसी. पण परवडते आणि पुरते ती अपाची."

पुण्याहून रोज महामार्गाने जाणाऱ्या एखाद्या मुलाने नेमका उलट निर्णय घेतला, तर तोही चुकणार नाही. दोन गाड्यांत चांगली कोणती, हा प्रश्न अर्धाच आहे. कोणाला, कोणत्या रस्त्याला आणि कोणाच्या पैशाने, हे विचारले म्हणजे तो पुरा होतो.

आता शनिवारी संध्याकाळी वेशीवर तिचा आवाज आला की वहिनी चहाचे आधण ठेवतात. जुनी गाडी अजून गोठ्याशेजारी उभी आहे, आणि सकाळी दूध तिच्यावरूनच डेअरीला जाते.