माहिती चौकट : दोन स्थलांतरित समाज, दोन वाटा

जिल्हा : वाशीम. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. तालुके ६. लोकसंख्या ११,९७,१६० (२०११). २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत.

बंजारा : मूळ धंदा लदेणी, म्हणजे बैलांच्या पाठीवरून धान्य-मिठाची वाहतूक. रेल्वे आणि पक्के रस्ते आले, तसा हा धंदा बुडाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का अनेक गटांवर बसला; १९५२ मध्ये कायदा रद्द.
• वस्ती तांड्यात, प्रमुख तो नाईक. श्रद्धास्थान मानोरा तालुक्यातील पोहरादेवी.
• आज कोरडवाहू शेती, मजुरी. विदर्भ-मराठवाड्यातील अनेक तांडे हंगामात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधी उचल, मग ती फेडेपर्यंत तोडणी.
• महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ), आरक्षण ३ टक्के. तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती.

मारवाडी व्यापारी : राजस्थानातून आले. कापूस, धान्य, सावकारी, पुढे अडत. वऱ्हाडातल्या बाजारपेठांत जम बसला.

मुख्य फरक : रेल्वेने एकाचा धंदा नेला, दुसऱ्याचा वाढवला.

लक्षात ठेवा : जनगणनेत उत्पन्न विचारले जात नाही, त्यामुळे समाजवार उत्पन्नाचा आकडा तिच्यातून मिळत नाही.