वकिलाच्या कचेरीतली माणसे

ज्याच्या अंगावर काळा डगला तो वकील आणि ज्याच्या काखेत फायली तो कारकून, अशी आपली सोपी वाटणी असते. मुंबईच्या फोर्ट भागात एका वकिलांकडे मी सत्तावीस वर्षे लघुलेखिका होते. तेवढ्या काळात पक्षकारांनी मला ‘टायपिस्टबाई’, ‘क्लार्कबाई’, ‘सेक्रेटरी’ आणि क्वचित ‘वकीलबाई’ अशा हाका मारल्या. पहिल्या तिन्ही हाकांना मी ओ दिली. चौथीला कधीच नाही. कारण तिथे कायद्याची भिंत आहे, आणि ती ज्याला दिसत नाही त्याचे घरदार धोक्यात येऊ शकते.

१९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट म्हणतो की, वकिली करावी ती सनद घेतलेल्यानेच. म्हणून काल परीक्षा पास होऊन सनद मिळविलेला कोवळा ज्युनियर हा वकील. आणि तीस वर्षे मुरलेला, ज्याला विचारल्यावाचून त्या ज्युनियरचे पान हलत नाही, तो मात्र कारकूनच! त्याला कोर्टापुढे उभे राहून बाजू मांडता येत नाही, की कायद्याचा सल्ला देता येत नाही.

मग हा कारकून करतो तरी काय? दावा दाखल करणे, कोर्ट फी भरणे, तारखांची डायरी ठेवणे, नकला काढणे. उत्तरेत त्यालाच मुनशी म्हणतात, बंगालमध्ये मुहुरी. सुप्रीम कोर्टात तर ‘ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ व्हायचे असेल तर नोंदणी झालेला कारकून पदरी ठेवावाच लागतो.

मुंबईच्या सॉलिसिटरांकडे आणखी दोन नावे ऐकू येतात. ‘मॅनेजिंग क्लार्क’ म्हणजे कोर्टाचे सगळे कायदेकानू तोंडपाठ असलेला जुना जाणता माणूस. ‘आर्टिकल्ड क्लार्क’ म्हणजे सॉलिसिटर होण्यासाठी उमेदवारी करणारा; त्याची परीक्षा बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी घेते. दोघेही क्लार्क, पण एकाचा मुक्काम तिथेच, दुसऱ्याचा नुसता थांबा!

यात पक्षकाराचे काय अडते? एक प्रसंग सांगते. दादरच्या एक आजीबाई राहत्या खोलीचा दावा धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात हरल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा निकालाला बावीस दिवस झाले होते. वकीलसाहेब कोर्टात गेलेले. आजीबाई मलाच विचारू लागल्या, “बाई, अपील केलं तर खोली राहील का हो?”

मी म्हटले, “आजी, ते साहेबच सांगतील. पण निकालाच्या नकलेसाठी अर्ज केलात का?”

त्यांनी तो केला नव्हता. त्या दाव्यात अपिलाची मुदत तीस दिवसांची. नक्कल तयार व्हायला लागणारे दिवस या मुदतीतून वगळतात खरे, पण अर्ज केल्यापासूनचे. त्याआधी घरी बसून घालविलेले दिवस परत मिळत नाहीत. मी आमच्या कारकुनांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, छत्री उचलली आणि त्याच दुपारी अर्ज टाकून आले. संध्याकाळी साहेबांनी सल्ला दिला. अपील मुदतीत दाखल झाले. सल्ला वकिलाचा खरा, पण त्या दिवशी मुदत राखली ती कारकुनाच्या छत्रीने.

कोर्टातल्या नाझराला आणि समन्स घेऊन येणाऱ्या बेलिफालाही लोक ‘वकिलाचा माणूस’ समजतात. ते कोर्टाचे नोकर. तुमच्या वकिलाचा त्यांच्यावर हुकूम चालत नाही. अलीकडे ‘पॅरालीगल’ हा शब्द आला आहे. मोठ्या फर्ममध्ये तो पगारी मदतनीस असतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या योजनेतला पॅरालीगल मात्र स्वयंसेवक आहे, गोरगरिबांना मोफत कायदेशीर मदतीची वाट दाखविणारा. सनद या नावाने मिळत नाही.

एका बाबतीत मात्र कायद्याने सगळ्यांना एका पंक्तीत बसविले आहे, आणि ती बाब म्हणजे पक्षकाराचे गुपित. १८७२ च्या पुरावा कायद्याने वकिलाप्रमाणेच त्याच्या कारकुनावर व नोकरांवर मौनाचे बंधन घातले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते कायम ठेवले आहे. कित्येक घरांची भांडणे मी टंकयंत्रावर आणि पुढे संगणकावर उतरविली. घरी यजमानांनाही त्यातला शब्द सांगितला नाही.

एवढा विश्वास टाकायचा, आणि म्हातारपणाची तरतूद? केरळने २००३ साली वकिलांच्या कारकुनांसाठी कल्याणनिधीचा कायदा केला. कचेरीतल्या माणसाच्या कामाची अशी कदर व्हावी, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा वाचकहो, वकिलाची पायरी चढावी लागलीच, तर पहिल्याच दिवशी तीन प्रश्न विचारून ठेवा. सल्ला कोण देणार? तारखा कोण सांभाळणार? नकलेचा अर्ज कोण करणार? तिन्ही नावे वहीत लिहून घ्या. आणि त्या फायलीवाल्या गृहस्थांना ‘अहो कारकून’ म्हणण्याऐवजी आडनावाने हाक मारा. हाक मारताना शेवटी ‘साहेब’ लावलेत तर त्याला कोर्ट फी पडत नाही!