कोणाच्या नावाची हुंडी? ब्लॉकचेनच्या पुलांवरून जाणारे स्टेबलकॉइन

ज्या डिजिटल नाण्याची किंमत अमेरिकी डॉलरसारख्या एखाद्या चलनाशी बांधलेली असते त्याला स्टेबलकॉइन म्हणतात, आणि ज्या सामाईक, एकदा लिहिले की खोडता न येणाऱ्या वहीत त्याची नोंद राहते तिला ब्लॉकचेन. २०१४ साली आलेले टेदरचे यूएसडीटी आणि २०१८ साली आलेले सर्कल कंपनीचे यूएसडीसी ही या जातीची दोन सर्वांत मोठी नाणी असून, प्रत्येक नाण्यामागे एक डॉलर किंवा तितक्याच किमतीची मालमत्ता आपण राखून ठेवतो, असे या कंपन्यांचे वचन आहे. मात्र वही एक नाही. इथेरियम, ट्रॉन, सोलाना, पॉलिगॉन, बीएनबी चेन या सगळ्या स्वतंत्र वह्या आहेत, एका वहीला दुसऱ्या वहीतले काहीही वाचता येत नाही, आणि त्यामुळे मोबाइलच्या पडद्यावर इथेरियमवरचे यूएसडीसी पॉलिगॉनवर ‘गेले’ असे दिसते तेव्हा प्रत्यक्षात काहीही गेलेले नसते. एका वहीत नोंद बंद झालेली असते आणि दुसऱ्या वहीत कोणीतरी, कोणाच्या तरी शब्दावर, नवी नोंद केलेली असते. तो कोणीतरी कोण आणि त्याचा शब्द कितपत खरा, हे ओळखणे म्हणजेच या व्यवहारातली सुरक्षितता.

भिवंडीच्या व्यापाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. यंत्रमागांचे हे शहर उधारीवर चालत आले आहे: सूत उधारीवर येते, कोरे कापड उधारीवर जाते, आणि चिठ्ठीवरच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वजन त्या चिठ्ठीखालच्या नावाला असते. त्याआधी देशभर हेच काम हुंडी करत असे. उत्तरेतला वसूल पुण्याला आणायचा तर पेशवाईत सावकारांच्या हुंड्यांचा आधार घेतला जाई, कारण रोकड रस्त्याने नेण्यापेक्षा तिकडच्या पेढीत भरून इकडच्या पेढीत घेणे निर्धोक होते, आणि त्याबद्दल हुंडणावळ मोजावी लागे. हुंडी घेणारा आधी पाहत असे ते ती कोणावर लिहिली आहे आणि तो ती सकारील का, हे. पैसे चुकते झाले की ती हुंडी खोका ठरे, म्हणजे तिच्यावर पुन्हा पैसे मागता येत नसत. मूळ हुंडी गहाळ झाली तर पेठ, तीही गेली तर परपेठ लिहून दिली जाई, आणि एकाच रकमेचे दोनदा पैसे जाऊ नयेत याची काळजी पेढ्या घेत. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांतील अशा दस्तऐवजांबाबतचे स्थानिक रिवाज शाबूत ठेवले. ब्लॉकचेनच्या पुलांची जी काही अभियांत्रिकी आहे ती याच दोन प्रश्नांभोवती फिरते: सकारणारा कोण, आणि एकच रक्कम दोनदा वटणार नाही याची हमी काय.

पूल, म्हणजे दोन वह्यांमधली देवघेव घडवणारी यंत्रणा, मुख्यतः तीन रीतींनी चालते. पहिल्या रीतीत मूळ नाणी पहिल्या साखळीवरच्या, म्हणजे पहिल्या ब्लॉकचेनवरच्या, एका संगणकीय करारात कुलूपबंद होतात आणि दुसऱ्या साखळीवर तेवढीच प्रतिनाणी काढली जातात. या प्रतिनाण्यांमागे नाणे काढणारी कंपनी थेट उभी नसते, तर पुलाच्या तिजोरीत मूळ नाणी शिल्लक आहेत एवढाच आधार असतो. दुसऱ्या रीतीत मूळ कंपनीच पहिल्या साखळीवरची नाणी कायमची नष्ट करते आणि दुसरीवर नवी अस्सल नाणी काढते, अर्थात हुंडी आधी खोका होते आणि मगच दुसरी लिहिली जाते. सर्कलने ही व्यवस्था एप्रिल २०२३ मध्ये सुरू केली. तिसऱ्या रीतीत दोन्ही साखळ्यांवर स्वतःचा साठा राखून असलेला एखादा मध्यस्थ एका बाजूला नाणी घेतो आणि दुसऱ्या बाजूला आपल्या साठ्यातून देतो, आणि आपली हुंडणावळ कापून घेतो. मोबाइल वॉलेटमधले ‘स्वॅप’चे बटण या तिन्हींपैकी कोणतीही रीत वापरू शकते, आणि कोणती वापरली हे बहुधा बारीक अक्षरातल्या ‘मार्ग’ या ओळीत लिहिलेले असते. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या साऱ्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण भिवंडीपासून फार लांब नाही. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये मुंबईत मॅटिक नेटवर्क या नावाने जे काम सुरू केले तेच फेब्रुवारी २०२१ पासून पॉलिगॉन म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले. त्याची चाचणी साखळी कित्येक वर्षे ‘मुंबई’ याच नावाने चालली आणि एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीत सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांची पडताळणी ब्लॉकचेनवर ठेवण्याचा जो उपक्रम महाराष्ट्र शासनाने हाती घेतला, तोही पॉलिगॉनवरच. इथेरियमवर व्यवहारशुल्क फार असल्याने स्वस्त साखळी उभारावी हा पॉलिगॉनमागचा मूळ हेतू होता, आणि तिथे नाणी पोचवण्यासाठी पहिल्या रीतीचा पूल बांधण्यात आला.

परिणाम असा झाला की, कितीतरी काळ पॉलिगॉनवर ‘यूएसडीसी’ या नावाने फिरणारे नाणे सर्कलने तिथे काढलेलेच नव्हते. ते पुलाने काढलेले प्रतिनाणे होते आणि त्याचे मूळ इथेरियमवर कुलपात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्कलने पॉलिगॉनवर स्वतःचे अस्सल यूएसडीसी काढले, जुन्या नाण्याला ‘यूएसडीसी-डॉट-ई’ हे नाव पडले, आणि एकाच साखळीवर, एकाच किमतीची, जवळजवळ एकाच नावाची दोन नाणी शेजारी शेजारी नांदू लागली. वॉलेटमध्ये दोघांचे निळे चिन्ह सारखेच दिसते. फरक दिसतो तो नाण्याच्या कराराच्या पत्त्यात, म्हणजे त्या नाण्याचे नियम साखळीवर जिथे नोंदलेले असतात त्या खुणेत: ‘शून्य-एक्स’ या आरंभानंतर जुन्याचा पत्ता २७९१ ने सुरू होतो आणि अस्सलाचा ३सी४९९ ने. जुनी शिल्लक आपोआप नवी झाली नाही, ती धारकाला स्वतः बदलून घ्यावी लागते; आणि केवळ अस्सल नाणे स्वीकारणाऱ्या एक्स्चेंजकडे कोणी जुने पाठवले तर ती रक्कम त्याच्या खात्यावर दिसत नाही. बीएनबी चेनवर तर यूएसडीसी म्हणून दिसणारे नाणे सर्कलचे नसून बायनान्स या एक्स्चेंजने आपल्या जबाबदारीवर काढलेले आहे. नाव एकच, सकारणारा वेगळा.

प्रतिनाण्याचा धनी पूलच असल्याने तिजोरी फुटली तर प्रतिनाणे कोऱ्या कागदाच्या किमतीचे होते, आणि तिजोऱ्या फुटल्या आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्महोल या पुलावर मूळ ठेवीशिवायच ईथर या इथेरियमच्या स्वतःच्या नाण्याची १,२०,००० प्रतिनाणी काढण्यात आली. मार्च २०२२ मध्ये रोनिन पुलाचे व्यवहार मंजूर करणाऱ्या नऊ किल्ल्यांपैकी पाच चोरांच्या हाती गेल्या आणि १,७३,६०० ईथर व २ कोटी ५५ लाख यूएसडीसी नाहीसे झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये नोमॅड पुलाच्या एका सुधारणेत राहिलेल्या चुकीमुळे कोणालाही दुसऱ्याच्या व्यवहाराची नक्कल करून पैसे काढता येऊ लागले आणि सुमारे १९ कोटी डॉलर गेले. पॉलिगॉनच्या प्लाझ्मा पुलातही २०२१ मध्ये अशी एक खोट आढळली होती की तिच्यामुळे एकच रक्कम वारंवार काढता आली असती, म्हणजे खोका झालेली हुंडी पुन्हा वटली असती. ती एका संशोधकाने वेळीच कळवली आणि त्याला २० लाख डॉलरचे बक्षीस देण्यात आले. या सगळ्यांतून व्यवहारापुरता निष्कर्ष स्पष्ट आहे. कंपनीची स्वतःची नष्ट-करून-काढण्याची वाट उपलब्ध असेल तर तीच घ्यावी. ती नसेल आणि दोन्ही साखळ्यांवर अस्सल नाणे असेल तर साठा राखणाऱ्या मध्यस्थाची वाट घ्यावी, कारण तिथला धोका व्यवहार चालू असेपर्यंतच टिकतो. प्रतिनाणे मात्र घरात जितके दिवस ठेवावे तितके दिवस पुलाचा धोका सोबत राहतो.

मोबाइलवर हे घडते कसे हे जवळून पाहावे लागते, कारण चुका तिथेच होतात. समजा, भिवंडीतल्या एखाद्या तरुणाला परदेशी कामाचा मोबदला ट्रॉनवर यूएसडीटीच्या रूपाने मिळाला आहे आणि त्याला पॉलिगॉनवर यूएसडीसी हवे आहे. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी ‘टी’ने सुरू होतो आणि पॉलिगॉनचा ‘शून्य-एक्स’ने, त्यामुळे या दोहोंत गल्लत सहसा होत नाही, पण इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी चेन या तिन्हींवर पत्त्याचे रूप अगदी एकच असल्याने चुकीची साखळी निवडली तरी वॉलेट हरकत घेत नाही. व्यवहाराचे शुल्क त्या त्या साखळीच्या स्वतःच्या नाण्यात द्यावे लागते, ट्रॉनवर टीआरएक्स, पॉलिगॉनवर पॉल. हजार डॉलर असूनही चार आण्यांचे टीआरएक्स नाही म्हणून रक्कम अडकून पडणे हा नवख्यांचा नित्याचा अनुभव असतो, आणि नेमक्या त्याच वेळी समाजमाध्यमांवर ‘मदतीला’ येणारा माणूस वॉलेटचे बारा शब्द मागतो. हे बारा शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडलेले असतात आणि त्यांतूनच सगळ्या किल्ल्या तयार होतात, म्हणून ते कागदावर लिहून घरात ठेवायचे, फोनमध्ये त्यांचे छायाचित्रसुद्धा काढायचे नाही आणि कोणालाही, कोणत्याही कारणाने, सांगायचे नाहीत.

त्यानंतर परवानगीचा पडदा येतो. स्वॅप करणाऱ्या कराराला नाणी उचलण्याची मुभा द्यावी लागते, आणि पुष्कळदा ती अमर्याद रकमेची मागितली जाते. पाचशे बदलायचे असतील तर आकडा खोडून पाचशेच लिहावा आणि काम झाल्यावर परवानगी रद्द करावी, कारण तो करार उद्या फुटला तर न रद्द केलेल्या परवानगीतून उरलेली शिल्लकही जाते. पत्ता मागच्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नये: भामटे पहिली व शेवटची काही अक्षरे जुळणारा पत्ता तयार करून त्यावरून शून्य रकमेचा व्यवहार करतात, आणि तो यादीत आपल्या नेहमीच्या पत्त्यासारखा दिसतो. मे २०२४ मध्ये याच फसवणुकीत एका धारकाचे सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर एका झटक्यात गेले होते, नंतर त्यातले बरेचसे परत मिळाले. पडद्यावर दिसते तेच सहीखाली जाते असेही गृहीत धरता येत नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजचे सुमारे २३ कोटी डॉलर गेले तेव्हा पडद्यावरचा तपशील आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असा खुलासा त्या कंपनीने केला होता. आधी थोडी रक्कम पाठवून ती पलीकडे पोचल्याची खात्री साखळीच्या सार्वजनिक नोंदीत करावी, आणि मगच उरलेली पाठवावी. दुहेरी शुल्क पडते, पण ते वाया गेलेले नसते.

पूल निर्धोक असला तरी मूळ वचनाचा प्रश्न उरतोच. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा सर्कलचे ३३० कोटी डॉलर तिच्यात अडकले होते आणि यूएसडीसी काही काळ ८८ सेंटच्या आसपास घसरले. ठेवीदारांना पूर्ण संरक्षण जाहीर झाल्यावर ते पूर्वपदावर आले. मे २०२२ मध्ये कोसळलेल्या टेराच्या स्टेबलकॉइनमागे डॉलरच नव्हते, म्हणून ते सावरले नाही. टेदर आणि सर्कल दोघांनाही एखाद्या पत्त्यावरची नाणी गोठवता येतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

भारतीय कायदा या नाण्यांना चलन मानत नाही, आभासी डिजिटल मालमत्ता मानतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या हस्तांतरणावर १ टक्का उगमकर आहे, आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. यूएसडीटी देऊन यूएसडीसी घेणे हेही हस्तांतरणच, मग दोन्हींची किंमत एकच डॉलर का असेना. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने एक्स्चेंजना काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याखाली आणले आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी बंधनकारक झाली. परदेशातून मागवलेल्या मागांचे किंवा सुट्या भागांचे पैसे ‘यूएसडीटीत द्या, स्वस्त पडेल’ असा सल्ला भिवंडीच्या कारखानदाराला कोणी दिला तर तो मानू नये. आयातीचे देणे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अधिकृत बँकेमार्फतच जायला हवे. अनोळखी माणसाला नाणी विकून थेट बँक खात्यात पैसे घेणे त्याहून धोक्याचे, कारण ते पैसे कोणाच्या तरी फसवणुकीतून आलेले निघाले तर तपासात विकणाऱ्याचेच खाते गोठवले जाते आणि कामगारांचा आठवड्याचा पगार त्यात अडकतो. फसवणूक झालीच तर सायबर गुन्ह्यांच्या मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी, आणि तिच्यासोबत दोन्ही साखळ्यांवरचे व्यवहार क्रमांक, वापरलेल्या पुलाचे नाव, नाण्याच्या कराराचा पत्ता आणि वेळ द्यावी, म्हणजे नाणी गोठवण्याची विनंती कोणत्या कंपनीकडे करायची हे पोलिसांना पहिल्याच तासात ठरवता येते.