वृद्धांतील खुब्याचा अस्थिभग्न : शल्यकर्मांचा तौलनिक विचार

न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या, सत्तरी उलटलेल्या आजींना घेऊन नातेवाईक येतात आणि "कंबर लचकली आहे, चोळायला तेल द्या" असे सांगतात, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. औषधविक्रेत्यांकडे तर त्याआधीच वेदनाशामक गोळी मागितली जाते. अशा वेळी दुखरा पाय आखूड व बाहेरच्या बाजूस वळलेला दिसला, किंवा निजल्या जागी तो उचलता येत नसला, तर खुब्याचा अस्थिभग्न गृहीत धरूनच पुढील पाऊल उचलावे. भग्न टोके एकमेकांत रुतली असल्यास रुग्ण लंगडत चालूही शकतो. पहिल्या क्ष-किरण चित्रात भग्न न दिसता वेदना कायम राहिल्यास एमआरआय तपासणी करवून घ्यावी.

सुश्रुताचार्यांनी ऊरू व जंघा यांच्या भग्नात कपाटशयनाची योजना सांगितली आणि संधान स्थिर होण्याचा काळ वयाच्या पूर्वभागात एक, मध्यभागात दोन व उत्तरभागात तीन महिने असा वर्णिला. स्थिरतेचे हे तत्त्व आजही अबाधित आहे. परंतु वृद्ध रुग्ण तीन महिने शय्येवर राहिल्यास शय्याव्रण, न्युमोनिया व शिरांमध्ये रक्त गोठणे हे उपद्रव भग्नापेक्षाही घातक ठरतात. आतून स्थिरता देऊन रुग्णास त्वरित उभे करणे, हाच आधुनिक शल्यकर्माचा मुख्य हेतू होय. म्हणून कोणतेही शल्यकर्म तोलताना दोन प्रश्न विचारावेत : रुग्ण किती लवकर चालू लागतो, आणि पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी किती जणांवर येते?

भग्नाचे स्थान निर्णायक

ऊर्वस्थीच्या मानेतील भग्न संधिकोषाच्या आत असतो. अस्थिशिरास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मानेलगत जात असल्याने टोके सरकली की त्या तुटतात. परिणामी अस्थी जुळत नाही किंवा शिर रक्ताअभावी मृत होते. त्याखालील ट्रोकँटर भागातील भग्न मात्र संधिकोषाबाहेर असतो. तेथे रक्तपुरवठा विपुल असल्याने अस्थी सहसा जुळते, पण वाकडी जुळण्याचे भय असते.

१) स्क्रूने जोडणे : मानेतील न सरकलेल्या भग्नात, तसेच तरुण रुग्णात स्वतःचे अस्थिशिर राखण्यासाठी हा मार्ग योजतात. शस्त्रक्रिया लहान असते, परंतु ती पुन्हा करण्याचा संभव अधिक. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'फेथ' या अभ्यासात पन्नाशीपुढील १,१०८ रुग्ण होते. त्यांपैकी साधारण पाचांतील एकावर दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

२) अर्धसंधिरोपण : वृद्धांतील सरकलेल्या भग्नात केवळ अस्थिशिर बदलतात. २०२२ सालच्या १,२२५ रुग्णांच्या अभ्यासात सिमेंटने बसविलेल्या कृत्रिम शिराचा लाभ अधिक दिसला. जीवनमान सरस होते, आणि रोपणाभोवती नवा भग्न होण्याचे प्रमाण सिमेंट गटात ०.५ टक्के, तर सिमेंटविरहित गटात २.१ टक्के होते. सिमेंट भरताना रक्तदाब घसरण्याचा धोका असतो. त्यासाठी भूलतज्ज्ञाची दक्षता हवी.

३) संपूर्ण संधिरोपण : यात शिरासह उखळीही बदलतात. २०१९ सालच्या 'हेल्थ' अभ्यासात, पूर्वी स्वतः चालणाऱ्या रुग्णांत, दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रियेचे प्रमाण संपूर्ण रोपणात ७.९ व अर्धरोपणात ८.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. हालचालीतील लाभ अल्प होता. अधिक खर्चाची शस्त्रक्रिया प्रत्येकासाठी अधिक गुणकारी असतेच असे नाही, हे नातेवाइकांना समजावून सांगावे.

४) ट्रोकँटर भागातील भग्न : स्थिर भग्नात प्लेटसह सरकता स्क्रू (डीएचएस) व अस्थिपोकळीतील सळई (पीएफएन) यांचे फल तुल्य आहे. तिरकस उलटा किंवा ट्रोकँटरखालील भग्न असल्यास सळई श्रेयस्कर.

फलश्रुती आणि आपले कर्तव्य

शल्यकर्म यशस्वी झाले तरी साध्यासाध्यता सांगताना अतिशयोक्ती करू नये. या भग्नानंतर वर्षभरात साधारणतः २० ते ३० टक्के वृद्ध दगावतात आणि सुमारे ४० ते ६० टक्केच पूर्वीइतके हिंडूफिरू लागतात. दाखल झाल्यापासून दुसऱ्या दिवसापर्यंत शस्त्रक्रिया आणि तिच्या दुसऱ्या दिवशी उभे राहणे, हे उत्तम उपचाराचे गमक मानले जाते. आपल्याकडे लेप-तेलात गेलेले दिवस रुग्णाच्या या संधीतूनच वजा होतात.

शस्त्रक्रियेनंतर मात्र आपला वाटा मोठा आहे. अग्नीचा विचार करून बल्य व प्रथिनयुक्त आहार, मलावष्टंभ टाळणे, अस्थिधातूचे पोषण आणि घरातील निसरड्या जागांची दुरुस्ती याकडे आपण लक्ष पुरवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना गुग्गुळकल्प शल्यचिकित्सकास विचारल्याविना देऊ नयेत. पोटरी सुजून दुखत असल्यास मर्दन कटाक्षाने टाळावे व रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे. औषधविक्रेत्यांनीही पडलेल्या वृद्धासाठी गोळी देण्यापूर्वी "पाय टेकता येतो का?" एवढे अवश्य विचारावे.

वेळीच केलेली पाठवणी हीदेखील चिकित्साच होय, असे आमचे नम्र प्रतिपादन आहे.