तपकीर गल्ली ते पायथन

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून अर्डुइनो उनो बोर्ड, एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आणि यूएसबी केबल घरी आली, की प्रश्न पडतो: बोर्डाने मोजलेलं तापमान संगणकातल्या प्रोग्रामला कळणार कसं?

उत्तर आहे सिरीयल पोर्ट. सिरीयल म्हणजे एकामागून एक. बिट एकाच तारेवरून रांगेने जातात. बोर्ड आणि संगणक, दोघांचं घड्याळ वेगवेगळं, म्हणून वेग आधीच ठरवावा लागतो. बहुधा ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट. अक्षराच्या ८ बिटांना सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक जोडला जातो. म्हणजे सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं. वेग जुळला नाही तर पडद्यावर नुसता कचरा.

खरी मेख पुढेच आहे. उनो सेन्सरचं व्होल्टेज ० ते १०२३ अशा आकड्यात सांगतो, आणि एका बाइटमध्ये २५५च्या पुढे काही मावत नाही. आकडा तसाच ढकलला तर वरचे बिट गळतात. गंमत म्हणजे एलएम३५ वापरला तर ही चूक पुण्याच्या उन्हाळ्यातही पकडली जाणार नाही. ४० अंशांना आकडा ८२च्या आसपासच राहतो. एलडीआर हा प्रकाशाचा सेन्सर लावून खिडकीशी धरा, लगेच फजिती! त्यापेक्षा आकडा मजकूर म्हणून पाठवावा, शेवटी नवी ओळ द्यावी आणि पायथनच्या पायसिरीयल लायब्ररीने ओळ पूर्ण झाल्यावरच वाचावी.

पोर्ट उघडताच उनो रीसेट होतो, तेव्हा दोनेक सेकंद थांबा. आणि हो, अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधली सिरीयल मॉनिटरची खिडकी आधी बंद करा. ती उघडी असेल तर पोर्ट तिच्याच ताब्यात राहतं.