कार्नेशन अवेळी का मिटतं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोतले फूलबागायतदार हैराण झाले होते. काचगृहातली उमललेली कार्नेशनची फुलं पाकळ्या आत वळवून मिटायची, कळ्या तर उघडायच्याच नाहीत. संशय दिव्यांच्या गॅसवर होता. शिकागो विद्यापीठातले विल्यम क्रॉकर आणि ली नाइट यांनी १९०८ मध्ये त्यातला नेमका गुन्हेगार दाखवून दिला: इथिलीन. २० लाख भाग हवेत एक भाग इथिलीन असला, तरी १२ तासांत फूल मिटत होतं.

मग गळकी नळी दुरुस्त केली की काम झालं? तेवढं सोपं नव्हतं. पिकणारं सफरचंद स्वतःच हा वायू सोडतं, हे रिचर्ड गेन यांनी इंग्लंडमध्ये १९३४ साली सिद्ध केलं. कार्नेशनही त्यातलंच. परागण झालं, इजा झाली किंवा वय झालं, की ते इथिलीन बनवू लागतं. आणि बनलेल्या इथिलीनमुळे आणखी बनत जातं. खोक्यातलं एक म्हातारं फूल शेजारच्यांनाही सोबत नेतं.

म्हणून फुलांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पिकती केळी, आंबे ठेवायचे नाहीत आणि दाराशी ट्रकचं इंजिन चालू सोडायचं नाही. कार्नेशनला शून्याच्या आसपासचं तापमान मानवतं; तिथे इथिलीन कमी बनतं आणि त्याचा परिणामही मंदावतो. उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडना मात्र एवढी थंडी सोसत नाही. हवेतला वायू शोषायला पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या मिळतात. जांभळा रंग तपकिरी झाला, की पुडी संपली.

पण फुलाच्या आतच तयार होणाऱ्या वायूला पुडी काय करणार? त्यावर खरा उपाय म्हणजे फुलाला इथिलीनची जाणीवच होऊ न देणं. १९७०च्या दशकाअखेरीस आलेल्या सिल्व्हर थायोसल्फेटमधली चांदी देठातून वर चढते आणि इथिलीनचा संदेश घेणारी प्रथिनं निकामी करते. गुण उत्तम, पण उरलेलं द्रावण म्हणजे जड धातूचा कचरा. पुढे अमेरिकेत एडवर्ड सिसलर आणि सिल्व्हिया ब्लँकनशिप यांनी १-एमसीपी हा वायू पुढे आणला. कुलपात दुसरीच किल्ली अडकून बसावी, तसा तो त्या प्रथिनांत बसतो. फूल नवी प्रथिनं बनवतं, तसा असर ओसरतो.

दोन्ही उपाय काढणीनंतर लगेच करायचे. पाकळ्या वळू लागल्यावर खर्च वाया. जरबेरावर तर हा पैसा घालूच नये. त्याला इथिलीनचं फारसं सोयरसुतक नसतं. त्याची मान मोडते ती बहुधा बादलीतल्या घाण पाण्याने.