सायकलीचे चाक आणि सरोवरांचा प्रदेश

सायकल उलटी करून उभी करा आणि तिच्या चाकाकडे नीट पाहा. चाकाच्या मध्यभागी एक तुंबा असतो. त्या तुंब्यातून निघालेले आरे सगळ्या दिशांना जाऊन बाहेरच्या रिमला मिळतात. आता अशी कल्पना करा, की एक मुंगी एका आऱ्यावरून चालली आहे आणि तिला शेजारच्या आऱ्यावर जायचे आहे. तो आरा तिला अगदी जवळ दिसतो. पण मध्ये पोकळी आहे. तिच्यापुढे दोनच मार्ग आहेत. मागे तुंब्यापर्यंत यायचे, नाहीतर पुढे रिमपर्यंत जाऊन वळसा घालायचा.

ही मुंगी लक्षात ठेवा. आज आपण ज्या प्रदेशाची माहिती घेणार आहोत, तिथे प्रत्येक सायकलस्वाराची स्थिती या मुंगीसारखीच होते.

इंग्लंडच्या वायव्य भागात 'लेक डिस्ट्रिक्ट' नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. लेक म्हणजे सरोवर. उर्दूत आपण त्याला झील म्हणतो. १९५१ साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला आणि २०१७ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. इंग्लंडमधील सर्वांत उंच डोंगर स्काफेल पाइक येथेच आहे. त्याची उंची ९७८ मीटर आहे. इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर विंडरमिअर हेही येथेच आहे. ते सुमारे १७ किलोमीटर लांब आहे. पण त्याची रुंदी जेमतेम दीड किलोमीटर भरते.

सरोवर इतके लांब आणि इतके अरुंद कसे? याचे उत्तर बर्फात आहे. हजारो वर्षांपूर्वी हा सारा प्रदेश बर्फाखाली होता. मध्यभागी उंच डोंगर होते. तिथून बर्फाचे प्रचंड लोट, म्हणजेच हिमनद्या, हळूहळू चारी बाजूंना सरकत गेल्या. जाताना त्यांनी दऱ्या खरवडून खोल केल्या आणि दगडमातीचे ढीग मागे टाकले. पुढे हवामान उबदार झाले, बर्फ वितळला आणि त्या खोल दऱ्यांत पाणी साठले. दरी लांब म्हणून सरोवरही लांब!

या प्रदेशात राहणारा प्रसिद्ध कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ याने तेथील सरोवरांची माहिती देणारे एक पुस्तक लिहिले होते. त्याचा मजकूर प्रथम १८१० साली छापला गेला. त्यात त्याने या दऱ्यांना चाकाच्या आऱ्यांची उपमा दिली आहे. त्या काळी सायकल अजून तयार झालेली नव्हती. तरीही सायकलस्वाराला याहून उपयोगी वर्णन सापडणार नाही.

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्द नीट समजून घेऊ. उर्दू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. 'दरी' म्हटले, की आपल्याला घरात अंथरायची दरी आठवते. मराठीत मात्र दरी म्हणजे दोन डोंगरांमधला खोल भाग, म्हणजे उर्दूतली वादी. आणि उर्दूत ज्याला आपण दर्रा म्हणतो, ती डोंगर ओलांडण्याची उंचावरची वाट, म्हणजे मराठीतली खिंड. दरी आणि दर्रा हे शब्द कानाला सारखे वाटतात. पण एक खाली असते आणि दुसरा वर असतो. सायकलस्वाराने हा फरक विसरून चालत नाही. सरोवराकाठचा दरीतला रस्ता बराचसा सोपा असतो. खिंडीतला रस्ता दम काढतो.

आता आपण नकाशावर दोन फेऱ्या करू. केझिक हे या प्रदेशाच्या उत्तर भागातले गाव. त्याच्या शेजारी डर्वेंटवॉटर नावाचे सरोवर आहे. पहिली फेरी या सरोवराभोवतीची. पूर्व काठाच्या रस्त्याने निघायचे, ग्रेंज या खेड्याजवळ दगडी कमानींचा पूल ओलांडायचा आणि पश्चिमेच्या रस्त्याने परत यायचे. ही फेरी सुमारे १६ किलोमीटरांची आहे. वाटेत चढउतार आहेत. पण आपण एकाच आऱ्यावर, म्हणजे एकाच दरीत राहतो. थोडा सराव असलेला मुलगा किंवा मुलगी ही फेरी थांबत थांबत पूर्ण करू शकते.

दुसऱ्या फेरीत मात्र शेजारच्या दरीतले बटरमिअर सरोवर पाहायचे आहे. दोन सरोवरांमधले सरळ रेषेतले अंतर १० किलोमीटरही नाही. पण मध्ये डोंगर उभा आहे. मुंगीला पोकळी ओलांडता येत नव्हती. माणसाने येथे तिसरा मार्ग शोधला. डोंगराची धार जिथे थोडी खाली उतरते, तिथून रस्ता नेला. हीच खिंड.

केझिकहून बॉरोडेलच्या दरीने सीटॉलर या वस्तीपर्यंत जायचे. तिथून होनिस्टर खिंडीचा चढ सुरू होतो. खिंडीची उंची ३५६ मीटर आहे. आकडा लहान वाटतो. पण दोन-अडीच किलोमीटरांतच सुमारे २४० मीटर वर चढावे लागते. माथ्यावर स्लेटच्या जुन्या खाणी आहेत. स्लेट म्हणजे ज्या दगडाची पाटी बनते तो दगड. त्या भागातील कित्येक घरांची छपरे याच दगडाची आहेत. पलीकडे उतरले, की बटरमिअर येते. परतताना ३३३ मीटर उंचीची न्यूलँड्स खिंड ओलांडून पुन्हा केझिकला यायचे. ही फेरी सुमारे ३५ किलोमीटरांची. अंतर पहिल्या फेरीच्या दुपटीपेक्षा थोडेसेच जास्त आहे. पण कष्ट कितीतरी पट जास्त आहेत. म्हणून रस्ता निवडताना नुसते किलोमीटर मोजू नयेत. किती मीटर चढायचे आहे, हेही पाहावे.

चढ कसा मोजतात? १०० मीटर पुढे जाताना रस्ता २५ मीटर वर गेला, तर तो २५ टक्क्यांचा चढ झाला. होनिस्टर खिंडीत काही ठिकाणी एवढा चढ आहे. याच प्रदेशातील हार्डनॉट खिंडीत तर काही जागी तो ३३ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे ३ मीटर पुढे गेलो, की १ मीटर वर! या खिंडीजवळ सुमारे १९०० वर्षांपूर्वी रोमन सैन्याने बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तेव्हाही डोंगरापलीकडे जायला हीच वाट होती.

अशा चढावर गियर उपयोगी पडतात. पुढचे दातेरी चक्र लहान आणि मागचे मोठे घेतले, की पायडलवर जोर कमी लागतो. मात्र पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पुढेही थोडीच जाते. गियर आपले कष्ट नाहीसे करत नाही. तो ते वाटून देतो. आणि इतके करूनही जमले नाही, तर खाली उतरून सायकल ढकलत न्यावी. हार्डनॉटवर चांगले चांगले सायकलस्वारही असे करतात. त्यात कमीपणा काही नाही.

खरा धोका चढावर नसून उतारावर असतो. त्या प्रदेशात पाऊस फार. बॉरोडेलमधील सीथवेट या वस्तीत वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. रिम ओली झाली, की ब्रेकचे रबर नीट पकडत नाही आणि सायकल थांबायला जास्त अंतर लागते. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करावा, वळणात नव्हे. दोन्ही ब्रेक बेताने दाबावेत. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर आणि तार तपासावी. इंग्लंडमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते. अरुंद रस्त्यावर वळणापलीकडून मोटार येत असेल, किंवा मेंढी रस्त्यात बसलेली असेल, हे धरूनच चालावे लागते.

या प्रदेशात १९९९ पासून 'फ्रेड व्हिटन चॅलेंज' नावाची सायकलफेरी भरते. फ्रेड व्हिटन हे तेथील एका सायकल मंडळाचे कार्यकर्ते होते. १९९८ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सायकलस्वार एका दिवसात होनिस्टर, न्यूलँड्स, हार्डनॉट अशा खिंडी ओलांडत सुमारे १८० किलोमीटर जातात आणि त्यातून समाजकार्यासाठी पैसा उभा राहतो.

पण ज्यांना असे चढ झेपत नाहीत, त्यांनी काय करावे? लहान मुले, वृद्ध, चाकांच्या खुर्चीवर बसणारी माणसे यांनी हा प्रदेश पाहूच नये काय? त्यांच्यासाठी केझिक ते थ्रेलकेल्ड हा सुमारे ५ किलोमीटरांचा मार्ग आहे. हा मुळात आगगाडीचा मार्ग होता. लोखंडी रुळांवर लोखंडी चाके तीव्र चढावर घसरतात. म्हणून रेल्वेमार्ग बांधताना चढ अगदी सौम्य ठेवावा लागतो. आपल्या खंडाळ्याच्या बोरघाटात ३७ मीटरांना १ मीटर एवढाच चढ आहे, तरी गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. केझिकची रेल्वे १९७२ साली बंद झाली. पुढे तिच्या मोकळ्या झालेल्या वाटेवर पायी चालणारे आणि सायकलस्वार जाऊ लागले. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारा, १९९४ साली सुरू झालेला सुमारे २२५ किलोमीटरांचा सायकलमार्गही याच वाटेने नेला गेला.

डिसेंबर २०१५ मध्ये या भागात मोठे वादळ झाले. होनिस्टर खिंडीजवळ २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला. ब्रिटनमध्ये २४ तासांत एवढा पाऊस पडल्याची नोंद त्यापूर्वी झालेली नव्हती. ग्रेटा नदीला पूर आला आणि या मार्गावरचे पूल वाहून गेले. खिंडी ओलांडू शकणाऱ्यांना दुसरे रस्ते होते. ज्यांच्यासाठी हीच एक सोपी वाट होती, त्यांची वाट मात्र तुटली. ती पुन्हा बांधायला पाच वर्षे लागली. नवे पूल उभारले, वाट रुंद व गुळगुळीत केली, आणि पूर्वी बुजवून टाकलेला रेल्वेचा एक बोगदाही मोकळा केला. डिसेंबर २०२० मध्ये मार्ग पुन्हा सुरू झाला. आता त्यावरून चाकांची खुर्चीही जाऊ शकते.

आता आपल्या मुंगीकडे परत येऊ. तिच्याजवळ नकाशा नव्हता, म्हणून जवळ दिसणारा आरा तिला खरोखरच जवळ वाटला. आपल्याजवळ नकाशा असतो. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचाच एक नकाशा काढून पाहा. चढ कुठे आहे, उतार कुठे आहे, पावसात पाणी कुठे साठते, वळणापलीकडचे कुठे दिसत नाही, हे त्यात लिहा. मग स्वतःला आणखी एक प्रश्न विचारा: या रस्त्याने आपला लहान भाऊ, आपली आजी, किंवा चालता न येणारा एखादा वर्गमित्र जाऊ शकेल काय? उत्तर 'नाही' असे आले, तर कोणती जागा दुरुस्त करायला हवी, तेही त्या नकाशावर दाखवा.